‘शेतातून थेट आली म्हणजे निर्धोक’: एका समजुतीचा प्रतिवाद

शेणखतावर वाढवलेली, शेतातून थेट घरी आलेली पालेभाजी कच्ची खाल्ली तरी बाधत नाही, कारण जंतू लागतात ते बाजारात. शेतातले ऊन आणि माती त्यांना जगूच देत नाहीत, आणि चुकून काही राहिले तर ते मिठाच्या पाण्याने निघून जातात, अशा आशयाचा मजकूर समाजमाध्यमांवर सतत फिरत असतो. रसायनांविषयीच्या रास्त काळजीपोटी लोक तो पुढे पाठवतात. तरीही त्यातले जवळजवळ प्रत्येक विधान अर्धवट आहे.

बाजारातल्या अस्वच्छ हाताळणीने भाजी दूषित होते, हे कोणी नाकारत नाही. पण दूषण तिथेच सुरू होते, हे मात्र खरे नाही. २००६ साली अमेरिकेत पिशवीबंद कोवळ्या पालकामुळे २६ राज्यांत सुमारे २०० लोक आजारी पडले आणि तिघांचा मृत्यू झाला. कारण होते ‘ई. कोलाय ओ१५७:एच७’ (पुढे नुसते ‘ओ१५७’) हा जिवाणू. पिशव्यांवरील क्रमांकांवरून माग काढत तपास कॅलिफोर्नियातील सॅन बेनिटो परगण्यातल्या शेतजमिनीपर्यंत पोहोचला, आणि रुग्णांमधल्या जिवाणूशी जनुकीय ठशांवरून जुळणारा जिवाणू त्या परिसरातील गुरांच्या शेणात, रानडुकरांच्या विष्ठेत आणि नदीच्या पाण्यात आढळला. तो पालकापर्यंत नेमका कोणत्या वाटेने गेला हे तपासात निश्चित झाले नाही. तरी त्याचा वावर शेताच्या आसपास होता, हे स्पष्ट झाले. २०१८ मध्ये ॲरिझोनातील युमा भागातल्या रोमेन लेट्यूस या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीमुळे २१० लोक आजारी पडले आणि ५ दगावले; तेव्हा तोच जिवाणू तिथल्या सिंचन कालव्याच्या पाण्यात सापडला.

‘आमची गाय निरोगी आहे, मग तिच्या शेणात रोगजंतू कुठून येणार?’ हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. प्रत्यक्षात ओ१५७ जिवाणूचे विष माणसाच्या मूत्रपिंडातील पेशींवरच्या ज्या ग्राहींना (विष पकडणाऱ्या रेणूंना) चिकटते, ते गुरांच्या आतड्यातील रक्तवाहिन्यांत नसतात. त्यामुळे जनावर धडधाकट राहते आणि शेणावाटे जिवाणू बाहेर टाकत राहते. देशी गाय म्हणून तिचे शेण आपोआप निर्धोक ठरत नाही.

ऊन आणि कोरडेपणा यांनी जिवाणू मरतात हे खरे, आणि मातीतले असंख्य निरुपद्रवी सूक्ष्मजीव उपद्रवी जिवाणूंशी स्पर्धा करतात हेही खरे. मात्र या प्रक्रियेला किती काळ लागतो, ते त्या मजकुरात कधीच सांगितलेले नसते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, मुद्दाम दूषित केलेले खत घालून झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हा जिवाणू मातीत १५४ ते २१७ दिवस टिकला. रोपे लावल्यानंतर लेट्यूसवर तो ७७ दिवसांपर्यंत, तर कोथिंबिरीच्याच कुळातल्या पार्सलीवर १७७ दिवसांपर्यंत सापडला. मातीतून पानावर जाण्यासाठी त्याला फार काही लागत नाही: जोराची सर किंवा तुषार सिंचन यांनी उडालेले चिखलाचे शिंतोडे खालच्या पानांवर बसतात. शिवाय उजेड पडला की पानांची रंध्रे, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची सूक्ष्म छिद्रे, उघडतात. इस्राएलमधील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले की उजेडात साल्मोनेला हे आणखी एका प्रकारचे रोगकारक जिवाणू लेट्यूसच्या उघड्या रंध्रांकडे ओढले जातात आणि आत शिरतात. रक्षणकर्ते म्हणून ज्या उन्हाचा हवाला दिला जातो, त्याच उन्हात ही वाट मोकळी होते.

म्हणूनच धुण्याचा उपायही मर्यादित ठरतो. भाजी धुवावीच, माती आणि बरेचसे जिवाणू निघून जातात. पण क्लोरीनच्या पाण्यानेही साधारण ९० ते ९९ टक्केच घट होते, आणि ओ१५७ च्या बाबतीत शंभराहून कमी जिवाणूही आजारासाठी पुरे पडू शकतात. स्वयंपाकघरातल्या मिठाच्या पाण्यात ते मरतात, या म्हणण्याला तर आधारच नाही. नीट शिजवलेल्या भाजीत ते मरतात, त्यामुळे हा सगळा प्रश्न कोशिंबीर, चटणी आणि वरून भुरभुरलेली कोथिंबीर यांचा आहे.

यावरून शेणखत टाकून द्यावे असा अर्थ कोणी काढू नये. ताजे शेण आणि नीट कुजलेले खत यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत उघड्या लांबट ढिगातले कंपोस्ट किमान ५५ अंश सेल्सिअस तापमानात १५ दिवस राहावे आणि त्या काळात ५ वेळा पलटले जावे, अशी अट आहे. आपल्याकडचा उकिरडा बहुधा पलटला जात नाही, त्याचा बाहेरचा थर थंडच राहतो आणि रोजचे ताजे शेण वरून पडतच असते. जीवामृत हे नैसर्गिक शेतीतले द्रावण तर ताज्या शेणापासून बनते आणि काही दिवसांतच वापरले जाते. ५५ अंशांची उष्णता त्यात कुठेच येत नाही. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पानांवर काढणीच्या तोंडावर ते फवारणे मला तरी योग्य वाटत नाही.

अमेरिकेच्या त्याच नियमांनुसार, खाण्याचा भाग मातीला लागत असेल तर कच्चे शेणखत काढणीच्या किमान १२० दिवस आधी मातीत मिसळलेले असावे लागते. कोथिंबीर दीड महिन्याच्या आसपास आणि मेथी त्याहूनही आधी काढणीला येते. म्हणजे ही अट पाळायची, तर कच्चे शेण या पिकांना न देता त्याच वाफ्यातल्या आधीच्या पिकाला द्यावे लागेल, नाहीतर ते पूर्ण कुजवूनच वापरावे लागेल.