चाळीस पैशांचा हिशेब

गेल्या आठवड्यात आमच्या वाडीच्या ग्रुपवर एकाच दिवशी चार जणांनी एकच मजकूर टाकला. चौथा माझा सख्खा भाचा, डोंबिवलीला असतो. त्याने खाली लिहिलं, "मामानू, आता बोला." मजकूर असा:

"फॅमिली कोर्टाच्या न्यायाधीशांचा पगार ५१,५५० वरून थेट १,४४,८४०, जवळजवळ तिप्पट! स्वतःच स्वतःचा पगार वाढवून घेतला. जनतेला मात्र तारीख. संसार मोडणाऱ्या कोर्टांवर आपला कर का? एवढ्या पैशात हायवे पुरा झाला असता."

तर बोलतो. मी कोर्टात कारकून म्हणून लागलो आणि कोर्टातूनच निवृत्त झालो. पेन्शन त्याच सरकारी तिजोरीतून येतं, हे आधीच सांगून ठेवतो. मागाहून कुणी काढायला नको.

पहिलं ते तिप्पट. आकडे दोन्ही खरे आहेत. पण ५१,५५० हा २००६ च्या श्रेणीतला नुसता मूळ पगार. त्यावर महागाई भत्ता चढत गेला आणि १ जानेवारी २०१६ ला केंद्राच्या दराने तो १२५ टक्क्यांवर होता. म्हणजे मूळ आणि भत्ता मिळून १,१५,९८७ रुपये तेव्हाच होत होते. नव्या श्रेणीत तो भत्ता मुळात मिसळला आणि १,४४,८४० झाले. खरी वाढ पंचवीस टक्के, तीही दहा वर्षांनी. ज्या घरात मास्तर किंवा तलाठी आहे तिथे हे समजावून सांगायची गरज नाही. सातव्या वेतन आयोगात त्यांचाही मूळ पगार कागदावर २.५७ पट झाला होता, न्यायाधीशांचा २.८१ पट झाला. थोडं झुकतं माप आहे, ते मी नाकारत नाही. पण मास्तर तेव्हा अडीचपट श्रीमंत झाले असं कुणी म्हटलं नाही.

आता तिजोरीचं. महिन्याला वाढ साधारण २८,८५० रुपये, वर्षाला साडेतीन लाखांच्या आत. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ८,४९,६५१. एका न्यायाधीशाची वाढ सगळ्या जिल्ह्याने वाटून घेतली तर वर्षाला माणशी चाळीस पैसे. जिल्ह्यात असे दहा न्यायाधीश धरले तरी चार रुपये; कणकवलीच्या स्टँडवर त्यात वडा येत नाही. घरभाडं, इतर भत्ते, पेन्शन, थकबाकी हे सगळं वर आहे, कबूल. मग चाराचे आठ धरा, दहा धरा. मुंबई-गोवा हायवेचं तर बोलूच नका. ते काम २०११ पासून चाललंय आणि ते न्यायाधीशांच्या पगारापायी अडलंय असं म्हणणारा माणूस पनवेलहून रात्रीच्या गाडीने एकदाही गावी आलेला नसावा.

'स्वतःच वाढवून घेतला' यात मात्र थोडं तथ्य आहे, म्हणून जरा थांबतो. निवृत्त न्यायमूर्ती पी. वेंकटरामा रेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोग २०१७ मध्ये नेमला गेला तो सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून. २०२० मध्ये अहवाल आला. २७ जुलै २०२२ ला त्याच न्यायालयाने राज्यांना सांगितलं की वाढ १ जानेवारी २०१६ पासून द्या. न्यायाधीशांचा पगार न्यायाधीशांनी ठरवावा का, हा प्रश्न कुणी विचारला तर तो वेडा नाही. पण ज्यांनी हुकूम दिला त्यांचा पगार त्या हुकमाने एक रुपयाने वाढला नाही. त्यांचा संसद कायद्याने ठरवते. आणि ज्यांचा वाढला त्या खालच्या कोर्टातल्या साहेबांच्या संघटनेने दाद मागितली होती, पण आकडा त्यांनी ठरवला नव्हता. सरकारविरुद्धचे दावेही ज्याच्यापुढे चालतात, त्याचा पगार त्याच सरकारच्या मर्जीवर सोडायचा, तर मग पक्षकाराने काय समजायचं? (आम्ही कारकून त्या आयोगात नव्हतोच. माझा त्यात काडीचा फायदा नाही.)

'संसार मोडणारी कोर्टं' हे लिहिणाऱ्याने १९८४ चा कौटुंबिक न्यायालय कायदा उघडूनही पाहिलेला नाही. त्याचं नववं कलम न्यायाधीशावर आधी समेटाचा प्रयत्न करण्याची जबाबदारी टाकतं. त्यासाठी समुपदेशक नेमायची तरतूद सहाव्या कलमात आहे. पण कायद्याप्रमाणे असं कोर्ट सक्तीचं आहे ते दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरात. बाकी ठिकाणी सरकारला वाटलं तर. तळकोकणात दहा लाखांचं शहर कुठून आणायचं? जिथे फॅमिली कोर्ट नाही तिथे घटस्फोटाचा अर्ज सिनियर डिव्हिजनच्या, म्हणजे वरिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायाधीश साहेबांकडे, पोटगीचा मॅजिस्ट्रेटकडे. त्याच बोर्डावर आंब्याच्या कलमांचा वाद, जामीन आणि चेक न वटल्याच्या केसेस. पगारवाढ याही साहेबांना लागू झाली: कनिष्ठ स्तराचे २७,७०० चे ७७,८४० झाले, पट तोच.

राहिली तारीख. पगार वाढला म्हणून तारखा कमी झाल्या नाहीत हे खरं, कारण तारीख पगारामुळे पडतच नाही. ती पडते माणूस नसल्यामुळे. विधी आयोगाने १९८७ मध्येच सांगितलं होतं की दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश हवेत. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये पाच वर्षांची मुदत दिली. आजही मंजूर पदंच एकवीसच्या आसपास आहेत, आणि मंजूर म्हणजे भरलेली नव्हेत. आता तर त्याच न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालाने तीन वर्षं वकिली केल्याशिवाय कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेला बसता येत नाही. तीन वर्षांत ज्याचं कुडाळात बस्तान बसलं, चार अशील बांधले गेले, त्याने ते सोडून दर तीन वर्षांनी बदलीच्या गावी भाड्याचं घर शोधायला का जावं? पगार हे एक कारण तरी हातात असू दे.

खुर्ची रिकामी राहिली की काय होतं ते मी टेबलामागून पाहिलंय. देवगडकडची एक बाई, नवरा मुंबईला ड्रायव्हर. तिने एकशेपंचवीसचा, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या त्या कलमाखाली पोटगीचा, अर्ज केला. समन्स मुंबईच्या पत्त्यावरून दोनदा 'घर बंद' शेरा घेऊन परत आलं. शेवटी चवथीला तो गावी आला, तेव्हा पोलिसाने आरतीआधी त्याच्या हातात दिलं. तोपर्यंत आमच्या साहेबांची बदली झाली होती आणि जागेवर कुणी आलं नव्हतं. चार्ज शेजारच्या तालुक्याच्या साहेबांकडे. ते आठवड्यातून एक दिवस यायचे आणि रिमांड, जामिनातच त्यांची दुपार व्हायची. मी रोजनाम्यात लिहायचो, 'अर्जदार हजर. जागा रिक्त. पुढील तारीख.' असं लागोपाठ चार वेळा लिहिलं.

महाराष्ट्रात पोटगीच्या कामात बाईमाणसाला कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून. पण काजू फॅक्टरीतला दिवसाचा रोज कोण माफ करणार? तेव्हा एसटीत बायकांना अर्धं तिकीटही नव्हतं. पोराला शाळा बुडवून बरोबर आणायची, कारण घरी सांभाळायला कुणी नाही. तो गणवेशातच बाकावर झोपायचा. तिच्या त्या चार फेऱ्यांचा खर्च कुठल्याच अर्थसंकल्पात लागत नाही, म्हणून तो कुणी फॉरवर्ड करत नाही. अपिलाचंही तसंच. १८ ऑगस्ट २०२५ पर्यंत सिंधुदुर्गातल्या माणसाला हायकोर्टासाठी मुंबई गाठावी लागायची; आता कोल्हापूरला सर्किट बेंच झालं, घाट चढला की पोचला. त्या बेंचवरही पैसा खर्च झालाच आहे.

नवे साहेब आले आणि दुसऱ्याच तारखेला त्या बाईच्या अंतरिम पोटगीचा हुकूम झाला. नक्कल घेताना तिने मला विचारलं, "भाऊनू, माका आता परत येवक नको मां?"

मी म्हटलं, पैसे आले तर नको. नाही आले तर वसुलीचा अर्ज करावा लागेल.

तिने पिशवीतून जुन्या तारखेची चिठ्ठी काढली, उलटी केली आणि कोरी बाजू माझ्यापुढे धरली. "हेच्यार लिवन देवा, अर्ज कसो करूचो तो."