तक्रारीला जागा नाही

कष्टांचं माणसाला तसं काही वाटत नाही. कष्ट पडताना कोणाला तरी दोष देता यावा, एवढीच त्याची माफक अपेक्षा असते. आपल्याकडे एखाद्या घाटात कंबर ढिली झाली तरी आपण प्रसन्न असतो, कारण ठेकेदार, आमदार, पावसाळा आणि कोणीच सापडलं नाही तर ड्रायव्हर, अशी मंडळी पाळीपाळीने हाताशी असतात. स्वित्झर्लंडमध्ये ही सोय नाही. तिथे पाटी जागेवर असते, नळाला पाणी असतं, गाडी वेळेवर येते आणि दमलेला माणूस पूर्णपणे स्वतःच्या जबाबदारीवर दमतो.

हे कळायला मेहुणा कारणीभूत झाला. झुरिकला नोकरी लागल्यावर त्याला ग्रॅव्हल सायकलीचा नाद लागला. ही सायकल दिसायला शर्यतीची, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, पण टायर चांगले चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर जाड. खाली खडी असणारच, हे गृहीत धरून बनवलेली. शॉक अ‍ॅब्सॉर्बर बहुतेकींना नसतात. ते असले की मजा जाते, असं मेहुण्याचं म्हणणं. कोणाची मजा, ते त्याने सांगितलं नाही. माझ्या सासऱ्यांची उभी हयात बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून खडीवर डांबर टाकून घेण्यात गेली. त्यांच्या मुलाने पैसे खर्चून डांबर नसलेले रस्ते शोधत हिंडावं, ह्यालाच पिढ्यांमधलं अंतर म्हणत असावेत.

नाही म्हणायची सोय नव्हती. बायकोचा धाकटा भाऊ, त्यात माझ्या उंचीची सायकल त्याने भाड्याने घेऊनही ठेवलेली. तरी एक डाव टाकून पाहिला. "नॅशनल पार्कला जाऊ की," मी म्हणालो. स्वित्झर्लंडचं एकुलतं एक नॅशनल पार्क 1914 सालचं. तिथे वाट सोडायची नाही, फूल तोडायचं नाही, कुत्रं न्यायचं नाही आणि सायकल तर नाहीच नाही. कायद्यात इतकी माणुसकी मी क्वचितच पाहिली आहे. पण मेहुण्याचा अभ्यास पक्का होता.

"दाजी, तिथं सायकल चालत नाही. आपण पार्क एलाला जाऊ. ते नेचर पार्क आहे. माणसं राहतात, शेती करतात, गुरं चरतात. सायकलला कोण काय म्हणत नाही."

तर पार्क एला. ग्राउब्युंडेन प्रांतातला, अल्बुला आणि युलिअर या खिंडींच्या भोवतालचा मुलूख. नाव पडलं ते पिझ एला नावाच्या तीन हजार तीनशे मीटरहून उंच डोंगरावरून. जर्मन, रोमान्श आणि इटालियन अशा तीन भाषा इथे नांदतात. म्हणजे धाप लागल्यावर उत्तर कुठल्या भाषेत द्यायचं नाही, एवढाच निर्णय आपल्याकडे राहतो.

रेल्वेने बर्ग्युनला उतरलो. हे गाव इतकं देखणं की 2017 मध्ये ग्रामस्थांनी ठराव करून फोटो काढायलाच बंदी घातली. इथले फोटो पाहून जे येऊ शकत नाहीत ते बिचारे दुःखी होतात, म्हणून. दंड 5 फ्रँक. अर्थात हा सगळा जाहिरातीचा बनाव होता आणि तो फळलाही. माझ्या मते मात्र ती बंदी मनापासून लागू करायला हवी होती. त्या गावात हेल्मेट आणि बुडाला गादी शिवलेली तंग चड्डी घातलेल्या अवस्थेत मेहुण्याने माझे फोटो काढले आणि ते पाहून कराडमध्ये कोणीही दुःखी झालं नाही.

बर्ग्युन ते प्रेडा हा चढ डांबरी होता. मेहुण्याने त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. या दोन गावांच्या उंचीत सुमारे चारशे मीटरचा फरक आहे. 1903 साली इथे रेल्वे सुरू झाली ती बांधणारे इंजिनिअर शहाणे होते. गाडीला हजार मीटरमागे पस्तीस मीटरपेक्षा जास्त चढ द्यायचा नाही असं त्यांनी ठरवलं आणि तेवढ्यासाठी रूळ डोंगराच्या पोटात गोल गोल फिरवले, दरीवरून इकडून तिकडे नेले. सरळ रेषेत जे अंतर पाच-सहा किलोमीटर, त्याला रुळांनी सुमारे बारा किलोमीटर घेतलेत. सायकलीच्या रस्त्याने असला काही विचार केलेला नाही. तो वर जातो.

परिणाम असा की आपण घाम गाळत असताना लाल रंगाची एकच गाडी पुन्हा पुन्हा भेटते. पहिल्यांदा ती डावीकडून आली. तिसऱ्या डब्याच्या खिडकीत एक पोरगी केक खात होती, तिने हात हलवला. मीही हलवला. गाडी बोगद्यात गेली. थोड्या वेळाने तीच गाडी उजवीकडून, पुलावरून, जरा वरच्या अंगाने आली. पोरीने मला ओळखलं. मी होतो तिथून फारसा पुढे गेलेलो नव्हतो, हेही तिला दिसलं असावं, कारण तिने आईला बोलावून दाखवलं. गाडी पुन्हा डोंगरात शिरली. तिसऱ्यांदा ती थेट डोक्यावरून गेली तेव्हा केक संपला होता आणि आख्खं कुटुंब खिडकीत होतं. ही रेल्वे 2008 पासून जागतिक वारसा आहे. खिडकीतून काय काय दिसतं याची यादी युनेस्कोने केली असेल, तर आता त्यात माझी भर पडली आहे.

दुसरा जाच नमस्काराचा. डोंगरात भेटेल त्याला 'ग्रुएत्सी' म्हणायचं हा इथला रिवाज, आणि तो मोडायचा नाही. सत्तरीच्या आजीबाई बॅटरीवाल्या सायकलीवरून ताठ बसून येतात, स्वच्छ आवाजात 'ग्रुएत्सी' म्हणतात आणि वळणाआड दिसेनाशा होतात. त्यांना माझा 'ग्रु' तेवढा मिळाला. 'एत्सी' पुढच्या वळणावर आला, तो एका गृहस्थांच्या कुत्र्याला लागू झाला. प्रेडाच्या जरा अलीकडे मी सायकल ढकलत होतो, तेव्हा पायी चालणारं एक जोडपं मागून येऊन पुढे निघून गेलं. नमस्कार करून.

प्रेडाच्या वर पालपुओन्या नावाचं तळं आहे, हिरवंनिळं, काठापर्यंत सूचिपर्णी झाडं आलेली. 2007 मध्ये इथल्या टीव्हीच्या प्रेक्षकांनी हेच देशातलं सर्वांत सुंदर ठिकाण म्हणून निवडलं होतं. डोळ्यांत घाम उतरल्यामुळे मला ते पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसलं. तिथे बसून बायकोने दिलेली धपाटी आणि ठेचा काढला. मेहुण्याकडे सायकलवाले दमल्यावर चोखतात त्या जेलची पाकिटं होती, सफरचंदाच्या चवीची, वैज्ञानिक. त्याने पहिलं पाकीट दातांनी फोडून पिळलं, माझ्या डब्याकडे पाहिलं आणि उरलेलं विज्ञान गुपचूप खिशात टाकून धपाटी उचलली. दिवसभरातला हा माझा एकमेव विजय.

मग प्रेडाच्या मागे कुरणांकडे जाणारा खडीचा रस्ता लागला आणि मेहुण्याचा चेहरा उजळला. वर गुरं होती. कुंपणाच्या तारेत वीज असते आणि वाट जिथे तार ओलांडते तिथे प्लॅस्टिकची मूठ असलेला स्प्रिंगचा आकडा. मूठ धरायची, आकडा काढायचा, सायकल पलीकडे न्यायची, आकडा पुन्हा लावायचा. यात चारही कामांना दोन हात लागतात आणि सायकल आडवी होऊ पाहते. वासरांच्या आयांपासून लांब राहा, अशी पाटी होतीच. आम्ही लांब राहिलो. वासराने पाटी वाचली नव्हती. ते सरळ आलं आणि माझ्या दंडावरचा घाम खरखरीत जिभेने, मन लावून चाटू लागलं. त्याची आई वीस पावलांवर, घंटा न वाजवता उभी. मी श्वासही जपून घेत होतो. मेहुण्याने तेवढ्यात दूरवर जाऊन फोटो काढला.

उतारावर आराम असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी खडीचा उतार पाहिलेला नाही. पावसाचं पाणी रस्ता धुऊन नेऊ नये म्हणून त्यांनी ठिकठिकाणी आडव्या पन्हळी बसवल्या आहेत. प्रत्येक पन्हळ चाकातून हँडलात, हँडलातून मनगटात आणि तिथून दातांत पोचते. ब्रेक दाबून बोटं बधिर झालेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि "हळू जा रे" हे तीन शब्द तोंडातून निघाले ते बारा तुकड्यांत. शिव्या सुचत होत्या, पण द्यायच्या कोणाला? रस्ता जसा असायला हवा तसाच होता. खडी तर मुद्दाम होती.

खाली, रस्ता संपतो तिथल्या बाकावर मी बसलो, किंवा बसायचा प्रयत्न केला. मेहुण्याने उत्साहाने कराडला व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे अप्पा, म्हणजे सासरे, झोपाळ्यावर.

"अप्पा, दाजींनी आज कमाल केली!"

"जावईबापू, बरे आहात ना? तोंड का असं झालंय?" मी काही बोलायच्या आत त्यांची नजर माझ्या खांद्यामागे गेली. "फोन जरा रस्त्याकडं करा. अजून खाली. हां." त्यांनी चष्मा चढवला. "पाण्याची काळजी घेतलीय. आडव्या पन्हळी झकास. साइडपट्टीपण सोडलीय. पण वरची खडी सुटलीय की सगळी."

"अप्पा, ती तशीच असते, म्हणजे इथं लोक मुद्दाम..."

"असते काय? दबाई झाली नाही. रोलर फिरवलाच नसणार. बिल मात्र काढलं असणार पुरतं." अप्पा झोपाळ्यावरून पुढे झुकले. "ठेकेदार कोण आहे?"

मेहुणा समजावू लागला. मी त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"तू थांब रे जरा. हां, बोला अप्पा. रोलर फिरवलाच नसणार, नाही का?"