आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला?

मे महिना लागला की बाइकवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर लडाखच्या तयारीसोबत एक मेसेज हटकून फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, माल तोच. "ऑइल फिल्टर म्हणजे पत्र्याच्या डब्यात घड्या घातलेला कागद. कंपनी त्याचे अव्वाच्या सव्वा पैसे लावते. आटे जुळले की कुठलाही फिल्टर चालतो, उलट कारचा मोठा फिल्टर लावा, जास्त कचरा धरतो. मायक्रॉनचा आकडा जितका कमी तितका फिल्टर भारी. दर ऑइलला बदलायची गरज नाही, पेट्रोलमध्ये धुवून परत बसवा. ड्रेन बोल्टला मॅग्नेट असेल तर फिल्टर नावापुरताच." आणि खाली नेहमीचं 'सर्व रायडर बांधवांपर्यंत पोहोचवा'.

निव्वळ थाप असती तर सोडून दिलं असतं. पण यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे, आणि त्या थोड्या खऱ्याच्या जोरावर बाकीचं खपतं.

लुटीपासून सुरुवात करू, कारण तिथे मेसेज बऱ्यापैकी बरोबर आहे. वाहन कंपन्या फिल्टर सहसा स्वतः बनवत नाहीत. फिल्टर बनवणारे कारखाने वेगळे, खोक्यावर नाव गाडीच्या कंपनीचं. तोच कारखाना कधी कधी स्वतःच्या नावाने तसाच फिल्टर कमी किमतीत विकतो. सुट्या भागांच्या बाजारावरची कंपन्यांची पकड हा काही नुसत्या कट्ट्यावरच्या गप्पांचा विषय नाही. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने याच कारणावरून चौदा कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. तेव्हा 'डोळे मिटून कंपनीचाच घ्या' असं मी म्हणणार नाही. चांगल्या नावाचा, तुमच्या मॉडेलसाठीच बनवलेला बाहेरचा फिल्टर खुशाल लावा. पण कंपनी जास्त पैसे घेते म्हणून कुठलाही फिल्टर चालतो, ही उडी कशी मारली? एकाच कारखान्यातून बाहेर पडणारे दोन फिल्टरही आतून वेगळे असू शकतात, कारण दोन गिऱ्हाइकांनी मागितलेली मापं वेगळी असतात.

आता आटे. मेसेजचा सगळा भार या एका शब्दावर आहे आणि घोटाळाही इथेच आहे.

आधी हे बघा की आपल्याकडे टूरला निघणाऱ्या कितीतरी गाड्यांना हा सल्ला लागूच होत नाही. क्लासिक ३५०, जुनी हिमालयन ४११, केटीएम ३९०, डॉमिनार ४०० यांच्यात डब्यासारखा फिरवून बसवायचा फिल्टर नसतोच. इंजिनच्या बाजूला छोटं झाकण, दोन-तीन बोल्ट, आत उघडा कागदी फिल्टर आणि ओ-रिंगा, म्हणजे गळती थांबवणारी रबरी कडी. आटे जुळवायचे कशाशी? या गाड्यांमध्ये बघायची ती फिल्टरची उंची, दोन्ही टोकांच्या भोकांचा व्यास आणि ओ-रिंगची जाडी. लोकल फिल्टर उंचीला किंचित आखूड निघाला तर तो टोकाला नीट दाबून बसत नाही, आणि ऑइल कागदातून जायच्या ऐवजी फटीतून आरपार निघून जातं. बाहेर थेंबभर गळती नाही, आवाज नाही, काही नाही. काही इंजिनांत फिल्टरचं एकच टोक उघडं असतं. तो उलटा बसवला तर ऑइलचा रस्ताच बंद होतो, मग इंजिनचं जे व्हायचं ते होतं. झाकण उघडताना जुना कुठल्या बाजूने निघाला याचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवावा, बास.

आटे असलेला, डब्याचा फिल्टर इंटरसेप्टर ६५०, होंडा एनएक्स ५००, व्हर्सिस ६५० अशा गाड्यांना येतो. यात २० मिमी बाय १.५ (व्यास आणि दोन आट्यांमधलं अंतर) हे आट्यांचं माप फार चालतं. होंडा आणि कावासाकीच्या बऱ्याच बाइकना तेच, मारुतीच्या आणि होंडाच्या बऱ्याच पेट्रोल कारनाही तेच. म्हणजे कारचा फिल्टर बाइकवर चढतो, हे खरं. चढला म्हणून चालला, हे मात्र नाही.

डब्याच्या आत कागदाशिवाय आणखी दोन गोष्टी असतात, ज्या दुकानात हातात घेऊन दिसत नाहीत. पहिली बायपास व्हॉल्व्ह. पंप ऑइल ढकलतो ते फिल्टरच्या बाहेरून कागदातून आत, आणि मधल्या नळीतून इंजिनकडे. मनाली-लेह रस्त्यावरच्या सरचूला पहाटे पारा शून्याच्या आसपास असतो तेव्हा १५डब्ल्यू-५० ऑइल चांगलंच घट्ट झालेलं असतं, कागदातून भराभर जात नाही. मागून पंप दाब देतच राहतो. अशा वेळी स्प्रिंगवरचा हा छोटा पडदा उघडतो आणि ऑइल न गाळताच पुढे जातं. कचरा गेला तर इंजिन झिजेल, पण ऑइलच पोहोचलं नाही तर इंजिन बसेल, इतका साधा हिशेब.

हा पडदा किती दाबाला उघडावा हे प्रत्येक इंजिनचा पंप बघून ठरतं. बहुतेक गाड्यांत तो आकडा साधारण ८ ते १५ पीएसआयच्या मधे असतो. सुबारूच्या जुन्या कारच्या फिल्टरचा बायपास मात्र २३ पीएसआयला उघडतो, आणि आटे तेच, २० मिमी बाय १.५. आटे सारखे, रंगही सारखा असेल, आतला स्वभाव वेगळा. त्याहून वाईट म्हणजे काही कारमध्ये हा व्हॉल्व्ह इंजिनच्या ब्लॉकमध्येच असतो, म्हणून त्यांच्या फिल्टरमध्ये तो दिलेलाच नसतो. असा फिल्टर तुमच्या बाइकवर चढवला, आणि बाइकच्या इंजिनात वेगळा बायपास नसेल, तर थंडीत कागद फाटेल किंवा बेअरिंगला ऑइल उशिरा पोहोचेल. यातलं काहीही पुण्यात जूनमध्ये कळणार नाही.

दुसरी गोष्ट रबराची पातळ चकती. फिल्टर आडवा किंवा उलटा बसवलेला असेल तर रात्रीतून त्यातलं ऑइल खाली इंजिनच्या तळाला (सम्पमध्ये) उतरू नये म्हणून ती असते. ती स्वस्तातली असली की उन्हाळ्याच्या दोन-चार महिन्यांत कडक होते, मग सकाळी स्टार्ट मारल्यावर पहिले काही क्षण इंजिन वरून कोरडंच फिरतं. सिलिकॉनची चकती साध्या काळ्या नायट्राइल रबरापेक्षा उष्णता जास्त सोसते. किमतीतला फरक बऱ्याचदा इथून येतो.

बाहेरचं गॅस्केट तर डोळ्यांनी बघता येतं, तरी कोणी बघत नाही. आटे जुळले पण रबरी कड्याचा व्यास मोठा असला, तर कडं इंजिनवरच्या घासून गुळगुळीत केलेल्या बैठकीच्या अर्धवट बाहेर राहतं. अशा गाड्यांचा फिल्टर बहुधा इंजिनच्या पुढे किंवा खाली असतो आणि तिथून सुटलेलं ऑइल वाऱ्याने मागे जातं, थेट मागच्या टायरवर. कसारा घाटाच्या वळणावर ते कळावं अशी माझी कुणाबद्दलच इच्छा नाही. जुन्या फिल्टरचं गॅस्केट इंजिनला चिकटून राहतं आणि नवं त्याच्यावर चढतं, ही गळतीची दुसरी नेहमीची वाट. बसवण्याआधी बोट फिरवून बघावं. नव्या गॅस्केटला ऑइलचं बोट लावावं आणि खोक्यावर लिहिलंय तेवढंच आवळावं.

मोठ्या डब्याचं म्हणाल तर जास्त कागद म्हणजे जास्त कचरा मावतो, हे मान्य. पण पुढे आलेला डबा एक्झॉस्टच्या पाइपजवळ जातो किंवा बॅश प्लेटच्या, म्हणजे इंजिनखालच्या संरक्षक पत्र्याच्या, बाहेर डोकावतो. खडीच्या रस्त्यावर तिथे काय उडतं हे सांगायला नको.

अमेरिकेत बाइकला कारचे फिल्टर लावून लाखभर मैल काढणारे लोक आहेत, हा दाखला मेसेजच्या पुढच्या आवृत्तीत असतोच. आहेत, खरंच आहेत. पण त्यातले शहाणे लोक नेमका क्रमांक निवडतात. बायपासचा आकडा, गॅस्केटचा व्यास, चकती असल्याची खात्री, सगळं कॅटलॉगमधून जुळवून मग. आपल्या मेसेजमध्ये त्यातलं फक्त 'कारचा' एवढंच पोहोचलं.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, पण खोक्यावरचा त्याचा आकडा हा शुद्ध जाहिरातीचा खेळ आहे. '१० मायक्रॉनचा फिल्टर' या वाक्याला एकट्याने काहीच अर्थ नाही. १० मायक्रॉनचे कण अडवतो, पण शंभरातले किती? ५० अडवले तरी कंपनी १० मायक्रॉन छापू शकते, ९८ अडवले तरी तेच छापते. आयएसओ ४५४८-१२ नावाची एक चाचणी आहे, त्यात फिल्टरमधून तेच ऑइल पुन्हा पुन्हा फिरवून आधीचे आणि नंतरचे कण मोजतात आणि गुणोत्तर काढतात. गुणोत्तर २ आलं म्हणजे निम्मे कण अडले. ७५ आलं म्हणजे ९८.७ टक्के. ज्या खोक्यावर किंवा वेबसाइटवर मायक्रॉनसोबत हा आकडा नाही, तिथला मायक्रॉन वाचायची तसदी घेऊ नका. आणि अगदी बारीक गाळणारा कागद तेवढ्याच छोट्या फिल्टरमध्ये कोंबला की तो लवकर तुंबतो. बारीक जाळीच्या पुरणयंत्रावर जोर लावून हात कसा दुखतो तसंच. फक्त इथे जोर वाढला की बायपास उघडतो, आणि तुम्ही महागडा फिल्टर लावून न गाळलेलं ऑइल फिरवत राहता.

पेट्रोलमध्ये धुण्याची गोष्ट कुठून आली हे मला माहीत आहे आणि तिच्याबद्दल थोडी मायाही आहे. जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये नमद्याचा फिल्टर यायचा, तो रॉकेलमध्ये धुवून पुन्हा घालत. स्प्लेंडरसारख्या गाड्यांमध्ये कागदी फिल्टर नसतोच. तिथे तारेची जाळी आणि क्रँकवर फिरणारा सेंट्रिफ्यूगल फिल्टर असतो, दोन्ही पुसून-धुवून परत बसवायचेच असतात. आपले अनेक चांगले मेकॅनिक याच गाड्यांवर हात बसवून मोठे झाले. पण आजच्या टूरिंग गाडीतला कागद राळ लावून कडक केलेला असतो. तो पेट्रोलमध्ये बुडवला, वरून हवेचा फवारा मारला की घडीच्या टोकाला किंवा डिंकाच्या जोडावर फाटतो. आणि जे खरोखर बारीक आहे ते कागदाच्या आत रुतलेलं असतं, ते धुऊन निघत नाही. धुतल्यावर स्वच्छ दिसतो तो फक्त बाहेरचा काळा थर.

मॅग्नेट लावाच, मी पण लावतो. पण तो काय धरतो ते एकदा बघून घ्या. ऑइल बदलल्यावर जुना कागदी फिल्टर रात्रभर निथळू द्या, धारदार कटरने दोन्ही टोकांलगत कागद कापा आणि घड्या वर्तमानपत्रावर उलगडा. उजेडात तिरपं धरलं की काळ्या लगद्यात चमकणारे कण दिसतील. आता वर्तमानपत्राच्या खालून मॅग्नेट फिरवा. काही कण मॅग्नेटमागे सरकतात, ते गिअरचं आणि स्टीलचं. बरेचसे जागचे हलत नाहीत, ते ॲल्युमिनियम. आणि काळा लगदा म्हणजे बव्हंशी क्लच प्लेटची भुकटी आणि काजळी, तिला मॅग्नेटशी काही देणंघेणं नाही. बहुतेक बाइकमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात, म्हणून कारपेक्षा इथे हा लगदा वेगळा. नव्या गाडीच्या पहिल्या सर्व्हिसला चमक थोडी जास्त असते, घाबरू नका. जुन्या गाडीत अचानक नखाएवढे पापुद्रे दिसले तर मात्र टूर पुढे ढकला आणि गाडी दाखवा.

राहिलं 'दर ऑइलला बदलायची गरज नाही'. काही जपानी गाड्यांच्या वेळापत्रकात फिल्टर खरोखरच दर दुसऱ्या ऑइलला बदलायला सांगितलेला असतो. तुमच्या पुस्तिकेत तसं असेल तर तसं करा, मेसेज तुमच्यापुरता बरोबर. पण पुस्तिका दर वेळी म्हणत असेल तर शे-दोनशे रुपयांच्या कागदासाठी दोन-सव्वादोन लिटर चांगलं ऑइल जुन्या घाणीतून फिरवण्यात कुठली बचत आहे? पुण्याहून मनालीमार्गे लेह, नुब्रा आणि पँगाँग करून परत म्हणजे साडेपाच-सहा हजार किलोमीटर. काही गाड्यांचं ऑइल बदलायचं अंतर यातच संपतं किंवा संपत येतं.

मग घ्यायचा कोणता? पुस्तिकेतला किंवा जुन्या फिल्टरवरचा पार्ट नंबर घ्या आणि त्यावरूनच मागा, 'हिमालयनचा द्या' असं नको, कारण ४११ आणि ४५० ची इंजिनं वेगळी. कंपनीचा घेतलात तर खोक्यावरची छपाई, एमआरपीचं लेबल आणि होलोग्राम बघा. सुट्या भागांच्या बाजारात हुबेहूब खोक्यातला डुप्लिकेट मालही फिरतो. कागदी फिल्टर हातात घेतल्यावर घड्या सारख्या अंतरावर आहेत का, जोडाला डिंक एकसारखा आहे का, टोकाची चकती हलते का, एवढं दुकानातच उभ्या उभ्या कळतं. ओ-रिंगा सोबत नसतील तर वेगळ्या मागून घ्या, जुन्या परत वापरू नका. नाना पेठेतला दुकानदार 'अहो जुनीच चालते, कशाला दहा रुपये घालवता' म्हणेल. हसून दहा रुपये द्या.

नवा फिल्टर निघायच्या आदल्या रात्री लावायचा नसतो. दोन आठवडे आधी लावा, एखादी ताम्हिणी किंवा माळशेजची चक्कर मारा, परत आल्यावर झाकणाभोवती किंवा डब्याच्या कडेला कोरडं बोट फिरवून बघा. एक जादा फिल्टर ओ-रिंगांसकट प्लास्टिकच्या डबीत घालून सामानात ठेवा. मनालीच्या पुढे तुमच्या मॉडेलचा नेमका फिल्टर मिळेलच असं धरून चालू नका, आणि तिथे कुणी 'हा बसतो बघा' म्हणून दुसरा काढून दिला तर आधी बायपास कुठे आहे ते विचारा.