जुगाराच्या कायद्याने आधी कोणाला पकडावे?

गेली बावीस वर्षे मी आमच्या तालुक्यातील एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात काम करतो आहे. एखादा माणूस जुगारात अडकला आहे हे पुष्कळदा घरच्यांच्या आधी आम्हाला कळते, कारण सोनेतारणाच्या नोंदींत ते दिसते: आधी अंगठी, मग आईच्या पाटल्या, मग मुदतवाढ आणि शेवटी जामीनदाराला नोटीस. पूर्वी कारण मटका किंवा तीन पत्ती असे. अलीकडे ते मोबाइलवरची रमी आणि क्रिकेटवर पैसे लावायला देणारे ॲप झाले आहे.

नात्यातलाच एक चोवीस वर्षांचा मुलगा खात्याचा उतारा घेऊन माझ्याकडे आला होता. दर दहा दिवसांनी दुधाचे बिल जमा झालेले आणि त्याच रात्री अकरा ते तीनच्या दरम्यान दोनशे, पाचशे, हजार अशा तीस-चाळीस नोंदी. "काका, गेलेले भरून निघाले की थांबणार होतो," एवढेच तो म्हणाला. त्या मुलाला मी लहानपणापासून ओळखतो. तो आळशी नाही, व्यसनी म्हणावा असाही नव्हता.

जुगारावर अधिक कडक नियंत्रण हवे का, या प्रश्नाला माझे उत्तर निःसंशय 'होय' असे आहे. मात्र ते नियंत्रण कोणावर हवे, हे आपण फार काळ उलटे ठरवत आलो. महाराष्ट्रात आजही मूळ कायदा १८८७ सालचा आहे आणि त्यानुसार अड्डा चालवणाऱ्याबरोबर अड्ड्यात सापडलेला माणूसही गुन्हेगार ठरतो. म्हणूनच स्थानिक वृत्तपत्रांत झाडाखाली पत्ते खेळणाऱ्या सात-आठ जणांची नावे आणि 'मुद्देमाल जप्त' अशी बातमी येते. त्याच कायद्यात केवळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. रमीत कौशल्याचा भाग मोठा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये म्हटले, ते समोरासमोर बसून तेरा पत्ते लावणाऱ्यांच्या संदर्भात. पुढे तोच आधार घेऊन उभ्या राहिलेल्या ॲपवर अनोळखी माणसांबरोबरचा डाव रात्रभर संपत नाही आणि हरल्यावर पुन्हा खेळावे म्हणून बोनसचा संदेश येतो. या दोन गोष्टींना एकाच नावाने ओळखणे ही माझ्या मते मोठी चूक होती.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्याचे मी मनापासून स्वागत केले. त्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांपुरता कौशल्य आणि नशीब हा भेदच काढून टाकला. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड ठेवला, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा ठेवली, बँकांना असे व्यवहार करण्यास मनाई केली आणि खेळणाऱ्याला मात्र शिक्षेतून वगळले. सुमारे ४५ कोटी लोक दरवर्षी जवळपास २० हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारचाच अंदाज तेव्हा मांडला गेला. भागाकार केला तर माणशी साडेचारशे रुपयेही होत नाहीत. ही सरासरी किती फसवी आहे, ते कर्जाच्या टेबलावर बसणाऱ्याला विचारा. बहुतेकांचे शंभर-दोनशे जातात आणि थोड्यांचे घर जाते.

मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ लगेच थांबवले. पण दोनच महिन्यांत त्या मुलाच्या मोबाइलवर दुसरी लिंक आली. त्यावर कंपनीचा पत्ता नव्हता आणि पैसे भरायचे खाते कोणा तरी व्यक्तीचे होते, तेही दर दोन-तीन दिवसांनी बदलणारे. बंदीने धंदा भूमिगत होतो, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मी म्हणूनच झटकून टाकत नाही. मटका त्याचाच दाखला आहे. साठच्या दशकात मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवरून सुरू झालेला हा आकड्यांचा धंदा कायदा असूनही पिढ्यानपिढ्या चालला, कारण पकडला जाई तो बहुधा चिठ्ठी लिहिणारा आणि आकडा लावणारा. पैसा वर जाण्याची वाट मोकळीच राही. आज ती वाट बँक खात्यांतून जाते आणि प्रत्येक पावलाची नोंद होते. महिना काही हजारांवर स्वतःचे खाते दुसऱ्याला वापरायला देणारी मुले आमच्याही भागात आहेत. अशा खात्यात दिवसाला शेकडो अनोळखी लोकांचे पैसे येतात, तेव्हा ते बँकेला दिसत नसेल, हे मला पटत नाही.

शासनाची स्वतःची भूमिकाही मला अस्वस्थ करते. महाराष्ट्र शासन १९६९ पासून स्वतःची लॉटरी चालवते. याच ऑनलाइन खेळांत भरलेल्या रकमेवर ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के कर घेतला जात होता. गोव्याने २०२० पासून स्थानिकांना कॅसिनोत जाण्यास बंदी केली, पण मांडवीतली जहाजे पर्यटकांसाठी सुरूच आहेत आणि त्या पर्यटकांत आमच्या जिल्ह्यातली मुलेही असतात. जे आपल्या माणसांसाठी घातक मानले, ते शेजाऱ्याच्या मुलांसाठी कसे चालते?

केंद्राने खेळणाऱ्याला शिक्षेतून वगळले, तसे राज्याच्या १८८७ च्या कायद्यातही व्हावे, अशी माझी आपल्या आमदारांना विनंती आहे. पोलिसांचे ते बळ खाती भाड्याने घेणाऱ्यांच्या मागे लागावे. शिक्षेची भीती नसेल तर मुलगा पहिल्या पाटलीच्या वेळीच घरी बोलेल. आमच्या नात्यातला मुलगा बोलला तेव्हा चारही पाटल्या तारणात गेल्या होत्या.

माझ्या हातात आहे तेवढे मीही करतो आहे. तीन महिन्यांत दुसऱ्यांदा सोनेतारणाला येणाऱ्या तरुण खातेदाराशी आधी एकांतात बोलावे आणि त्याची तयारी असल्यास त्याला जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाकडे पाठवावे, असा ठराव मी संस्थेच्या कर्ज समितीपुढे ठेवला आहे. त्यावर पुढच्या बैठकीत चर्चा आहे.