फॅक्स गेटवेवर चढवताना घ्यावयाची काळजी

कार्यालयातील तांब्याची लँडलाइन काढून तिच्या जागी फायबर आणि इंटरनेट टेलिफोनीचे गेटवे (टेलिफोनवरचा आवाज पॅकेट नावाच्या छोट्या तुकड्यांत बांधून इंटरनेटवरून पाठवणारे यंत्र) बसवण्याचा निर्णय आपण घेतला असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. जुने फॅक्स यंत्र गेटवेच्या मागच्या टेलिफोन पोर्टला जोडावे, डायल टोन ऐकू येताच समाधान मानावे आणि जोडणीसाठी आलेल्या माणसाला चहा पाजून ताबडतोब निरोप द्यावा. तो जिन्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी फॅक्स पाठवून पाहण्याचा आगाऊपणा करू नये. आमच्याकडे ही शिस्त नुकतीच काटेकोरपणे पाळली गेली. परिणामी, सही-शिक्क्याचे पत्र फॅक्सनेच हवे, ईमेल चालणार नाही, असे बजावणाऱ्या एका विमा कार्यालयाला आमचे लेटरहेड, विषय आणि पहिल्या परिच्छेदाच्या अडीच ओळी स्वच्छ मिळाल्या. त्याखाली काळे आडवे पट्टे उमटले आणि कॉल तुटला. सही आणि शिक्का पत्राच्या तळाशी असतात, ही आपल्या पत्रलेखन परंपरेचीच चूक म्हणावी लागेल.

चाचणी घेण्याचा मोह आवरतच नसेल, तर कोरा कागद पाठवावा. सलग पांढरी जागा फॅक्स यंत्र अगदी थोड्या बिटांत आवळून टाकते, त्यामुळे असे पान क्षणात पोहोचते आणि अहवालावर ‘ओके’ छापून येते. तो अहवाल फाइलला लावावा.

कोडेक, म्हणजे आवाज आकड्यांत बदलण्याची पद्धत, निवडताना काटकसर महत्त्वाची. जी.७११ हा कोडेक सेकंदाला ६४ किलोबिट खातो, जी.७२९ केवळ आठांत भागवतो. तेव्हा दुसराच निवडावा. माणसाच्या कंठातून आवाज कसा निघतो याचे गणित मांडून जी.७२९ बोलणे आवळतो आणि फॅक्स यंत्राला कंठ नसतो, एवढीच काय ती अडचण.

गेटवे अमेरिकेच्या मूळ मांडणीप्रमाणे म्यू-लॉ या आवाज आकड्यांत मांडण्याच्या तिकडच्या पद्धतीवरच राहू द्यावे. भारतातील टेलिफोन जाळे ए-लॉ वापरते, हा तपशील गौण आहे.

कोणी बोलत नसताना शांततेचे पॅकेट गाळणारी सोय चालूच ठेवावी.

मागेपुढे येणारी पॅकेट क्षणभर थोपवून एका लयीत पुढे सोडणारा जिटर बफर आपोआप लहानमोठा होणाराच ठेवावा, म्हणजे दोन यंत्रांचा जेमतेम जुळलेला मेळ मधूनमधून मोडत राहील.

यंत्राचा वेगही सेकंदाला ३३,६०० बिटांवरून खाली आणू नये, कारण ९,६०० वर पान रडतखडत का होईना पोहोचण्याची भीती असते.

टी.३८ या इंटरनेटवरून फॅक्स पाठवण्याच्या मानकाबद्दल मात्र सेवादात्याला अवश्य विचारावे, कारण त्यासारखी करमणूक नाही. हे मानक १९९८ सालापासून अस्तित्वात आहे. फॅक्सचा किंचाळता सूर ध्वनी म्हणून न पाठवता गेटवे तो उलगडून त्यातील मजकूर पॅकेटमध्ये भरते, आधीचे पॅकेट वाटेत हरवले तर हाताशी असावे म्हणून पुढच्या पॅकेटात त्याची प्रतही घालते, आणि पलीकडचे गेटवे त्यातून पुन्हा सूर तयार करते. यासाठी कॉल लागल्यानंतर मधेच ‘आता फॅक्सवर जाऊ’ अशी विनंती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जावी लागते आणि वाटेतील प्रत्येकाने ती मान्य करावी लागते. आमच्या ट्रंकवरून, म्हणजे सेवादात्याकडे जाणाऱ्या जोडणीवरून, तिला दर वेळी ४८८ हा नकार येत होता, म्हणजे ‘येथे स्वीकारार्ह नाही’. ही नोंद आम्ही गेटवेच्या लॉगसकट (त्याने स्वतः ठेवलेल्या नोंदींसकट) सेवादात्याला पाठवली. उत्तर आले, “सर, तुमचा व्हॉइस ओके आहे ना?” आहे. “मग लाइन ओके आहे.” तक्रार बंद. पुन्हा नोंदवली, तर राउटर बंद करून चालू करण्याचा सल्ला मिळाला आणि तक्रार पुन्हा बंद. तिसऱ्या माणसाने टी.३८ हे फॅक्स यंत्राचे मॉडेल समजून त्याच्या कंपनीशी संपर्क साधायला सांगितले. बोलताना एखादे पॅकेट हरवले, तर गेटवे आधीच्या आवाजावरून अंदाजाने ती फट बुजवते आणि कानाला पत्ता लागत नाही. फॅक्सच्या मोडेमला मात्र तो अंदाज म्हणजे निव्वळ खोटा मजकूर असतो. तेव्हा आवाज येतो यावरून फॅक्सविषयी काहीही सिद्ध होत नाही, आणि टेलिफोन सेवा विकून पैसे घेणाऱ्याला एवढे माहीत नसेल तर त्याने दुसरा धंदा बघावा.

आता उपरोध पुरे. ज्या ट्रंकवर टी.३८ चालत नाही, ती ‘फॅक्ससहित सर्व सुविधा’ म्हणून विकणे ही फसवणूक आहे. चालत नसेल तर तार काढण्यापूर्वी लेखी सांगा, ग्राहक एक जुनी लाइन ठेवून घेईल. चालत असेल तर जोडणीच्या दिवशी, ग्राहकाच्या समोर, दाट मजकुराची दहा पाने पाठवून दाखवा. तक्रार आली की तोंडपाठ केलेले प्रश्न विचारण्यापूर्वी सोबत जोडलेला लॉग उघडा. तो वाचता येत नसेल, तर ज्याला येतो त्याच्याकडे द्या, पण न वाचता तक्रार बंद करू नका. आणि फॅक्सशिवाय काहीही न स्वीकारणाऱ्या कार्यालयांनो, अर्धवट पान आले म्हणून समोरच्याचा अर्ज बाजूला टाकण्यापूर्वी तुमची स्वतःची लाइन कोणत्या गेटवेवर गेली आहे, ते आधी तपासा.