शिबिरातून यंदाही परत
गड्डा यात्रेच्या दिवसांत सोलापुरात भरलेल्या रक्तदान शिबिरातून यंदाही मला परत पाठवण्यात आले, कारण १९९२ ते १९९४ ही दोन वर्षे मी इंग्लंडमध्ये नोकरीला होतो. १९८० ते १९९६ या काळात ब्रिटनमध्ये एकूण तीन महिने राहिलेल्यांचे रक्त, गाईंच्या मेंदूरोगाचा मानवी प्रकार त्यातून पसरेल या भीतीने, अमेरिका घेत नसे. ती अट तिने २०२२ मध्येच काढून टाकली आणि ऑस्ट्रेलियानेही त्याच वर्षी तसेच केले. मग येथील टेबलावर तीच जुनी भीती अजून का? हा रोग बाधित गोमांसातून माणसात येतो आणि मी तर जन्मापासून शाकाहारी आहे, हेही कोणी ऐकून घेत नाही. रक्त पासष्टीपर्यंतच देता येते आणि माझी चारच वर्षे उरली आहेत; ऐन उन्हाळ्यात एका पिशवीसाठी वणवण फिरणारे नातेवाईक पाहिले की जीव तुटतो.