आधी हरकती, मग सूचना

मामांचा फोन आला तेव्हा मी बुधवारच्या बाजारात कांद्याच्या पातीची जुडी हातात घेऊन उभा होतो.

"ऐकलंस का? खडकी महापालिकेत जाणार म्हणे. आता एफएसआय मिळेल बघ." एफएसआय म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येतं त्याचं प्रमाण.

मामांचं घर पुण्याच्या खडकी बाजारात, छावणीच्या म्हणजे कँटोन्मेंटच्या हद्दीत. छावण्यांचे नागरी भाग शेजारच्या पालिकांत विलीन करायचं संरक्षण मंत्रालयाने ठरवलं आणि एप्रिल 2023 मध्ये हिमाचलातल्या योलपासून सुरुवात झाली. तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसरा विषय नाही. मामेभाऊ नव्या टॉवरची चित्रं टाकतो, मामी विचारते घरपट्टी किती वाढेल. उद्याचा बाजार कसा असावा हे मात्र कुणीच विचारत नाही. नकाशा साहेबलोक काढणार, आपण फार तर हरकत घेणार, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय.

गंमत अशी, की मी ज्या चौकात पात घेत होतो ती जागाही एके काळची छावणीच. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरातलं हे व्होबाँ. हिटलरच्या काळात बांधलेल्या बराकी, 1945 नंतर फ्रेंच फौज, आणि 1992 मध्ये तीही निघून गेली. नाव राहिलं ते सतराव्या शतकातल्या एका फ्रेंच किल्लेबांधणी तज्ज्ञाचं. सुमारे 40 हेक्टर जागा रिकामी झाली. नगरपालिकेने केंद्र सरकारकडून तिचा मोठा भाग विकत घेतला, आणि माझ्या मते पुढचं सगळं त्या एका खरेदीमुळे शक्य झालं.

जमीन हातात असल्यामुळे पालिकेला अटी घालता आल्या. सगळी जागा एखाद्या बड्या बिल्डरला न देता तिचे लहान लहान तुकडे पाडले. ज्यांना राहायचं होतं अशी दहा-वीस कुटुंबं एकत्र यायची, वास्तुविशारद नेमायची आणि आपली इमारत स्वतः उभी करायची. 1994 च्या शेवटी स्थापन झालेल्या 'फोरम व्होबाँ' या नागरिकांच्या संस्थेला पालिकेने लोकसहभागाचं काम अधिकृतपणे दिलं. गल्लीत मोटार उभी करायची नाही, हा आग्रह लोकांचाच. मोटार हवीच असेल तर वस्तीच्या कडेला गॅरेजमध्ये हजारो युरो मोजून जागा घ्यायची. लिंडेनची जुनी झाडं राखली, दोन रांगांमधल्या हिरव्या पट्ट्यांत काय असावं हे शेजाऱ्यांनी बसून ठरवलं. चार बराकी तर एका गटाने पाडूच दिल्या नाहीत. त्यांत आजही कमी भाड्यात लोक राहतात. बाजार भरतो त्या चौकातलं जुनं लष्करी कॅसिनो, म्हणजे अधिकाऱ्यांचं भोजनगृह, पाडायच्या बेतात होते, तेही लोकांनी वाचवलं. आज तिथे वस्तीचं समाजमंदिर आहे.

हे सगळं गोड वाटतं, पण मी इथे भाडेकरू आहे, मला दुसरी बाजूही दिसते. युरोपीय अनुदानाच्या भानगडीत ते फोरम पुढे दिवाळखोरीत गेलं. वस्तीच्या तोंडाशी चाकांच्या गाड्यांत राहणाऱ्या तरुणांना 2011 मध्ये पोलिसांनी हटवलं. तिथे आता हॉटेल आहे. आणि सभा! आमच्या इमारतीत सायकली कुठे लावायच्या यावर तीन बैठका झाल्या. ज्याला रात्रपाळी आहे, ज्याचं जर्मन माझ्यासारखं अडखळतं, त्याचं मत इतिवृत्तात येत नाही. शिकलेल्या, वेळ असलेल्या माणसांचा लोकसहभाग, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

तरी क्रमाचा फरक उरतोच. आपल्याकडे आराखडा आधी तयार होतो, मग 'हरकती व सूचना' मागवतात, महिनाभरात. त्यातही आधी हरकती, मग सूचना. मुंबईचा विकास आराखडा 2015 मध्ये असाच बाहेर आला आणि चुकांचा इतका गदारोळ झाला की तो गुंडाळून नव्याने करावा लागला. गिरणगावात तर तेवढंही जमलं नाही. 1991 च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी, साधारण तेवढाच म्हाडासाठी होता. 2001 च्या बदलाने ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. जमीन मालकांची होती, एवढं म्हणून हात झटकता आले.

छावणीत तेही म्हणता येत नाही. तिथल्या जुन्या बंगल्यांची 'ओल्ड ग्रँट' म्हणजे भिंती आपल्या, जमीन सरकारची. खडकी काही व्होबाँसारखी रिकामी झालेली नाही, लष्कर तिथे राहणारच आहे. हस्तांतर होईल ते बाजाराचं आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसांचं. उलट म्हणूनच विचारायला हवं. फ्रायबुर्गला लोक शोधून आणावे लागले, इथे ते घरातच बसलेत.

मी मामांना विचारलं, "एफएसआय राहू द्या. बाजारातलं काय हलता कामा नये, ते सांगा."

पलीकडे जरा शांतता. मग त्यांनी सुरुवात केली: कोपऱ्यावरचं चिंचेचं झाड, भाजीवाल्यांची रांग, घरासमोरचा ओटा. मागून मामी ओरडली, "आणि नळाची वेळ सांग त्याला, पहाटेची नको!"

"बरं, हे लिहून कुणाला द्यायचं?" मामा म्हणाले. "आणि अर्ज मराठीत चालेल ना?"